सांगावा पोचला, उत्तर हरवलं

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मंडळाच्या कार्यालयात आम्ही तिघं बसलो होतो. आमचे खजिनदार नाना, मी, आणि वर्गणीच्या टेबलावर सगळे दिवस नेमाने बसलेली कॉलेजातली एक मुलगी. संगणकातल्या वहीत तिच्या टेबलाची त्या दिवसाची रोख जमा होती ४८,७०६ रुपये. पेटीतली रोकड आम्ही तीनदा मोजली. तिन्ही वेळा ४५,२५१ भरली. तूट ३,४५५ रुपयांची.

नाना वाईट माणूस नाही. चाळीस वर्षं हिशोब ठेवतोय आणि एक रुपयासाठी रात्र जागवणारा आहे. तो एवढंच म्हणाला, "बाळ, मधे कुणाला पेटीजवळ बसवून उठली होतीस का?" तिने मान हलवली. "नाही काका." मग दोघंही गप्प. त्या गप्प राहण्यातच सगळं आलं. वही संगणकाची होती, आणि संगणक कशाला खोटं बोलेल? उरली ती मुलगी.

वहीचा तो प्रोग्राम मी लिहिला होता.

यंदा मंडळातल्या दोन-तीन मुलांनी विचारलं, "काका, तो प्रोग्राम कसा केला होता, आम्हालाही शिकवा." म्हणून हा लेख. प्रोग्राम कसा बसवायचा ते सांगतोच, पण त्या रात्रीसकट सांगतो, कारण त्याशिवाय तो अर्धवट राहील.

सांगावा म्हणजे काय

गरज साधी होती. वर्गणीची दोन टेबलं. एक कार्यालयाच्या दारात, दुसरं मैदानापलीकडे मंडपात. पावतीचे क्रमांक दोन्हींकडे एकाच ओळीत यावेत आणि नोंद एकाच वहीत व्हावी. वही कार्यालयातल्या संगणकावर. म्हणजे मंडपातल्या लॅपटॉपने कार्यालयातल्या संगणकाला सांगायचं, "अमुक नावाने अमुक रक्कम लिहून घे आणि पावतीचा क्रमांक सांग."

प्रोग्रामच्या भाषेत अशा कामाच्या तुकड्याला फंक्शन किंवा प्रोसिजर म्हणतात. ती आपल्याच संगणकात असेल तर नुसतं नाव घ्यायचं, काम होतं. ती दुसऱ्या संगणकात असेल तर मात्र माहितीची पुडी बांधायची, तारेवरून किंवा हवेतून पाठवायची, पलीकडे सोडायची, काम करवून उत्तराची पुडी परत आणायची. एवढा सगळा खटाटोप पडद्याआड ठेवून, पलीकडची प्रोसिजर घरातलीच असल्यासारखी हाक मारू देणारी सोय म्हणजे रिमोट प्रोसिजर कॉल, आरपीसी. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, सांगावा. सुनेने माहेरी सांगावा धाडायचा, काम तिथे व्हायचं, उत्तर इथे यायचं.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी ती नीट बांधली आणि १९८४ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. दोन्ही टोकांना एकेक दुभाष्या बसवायचा, हे त्यांच्या मांडणीचं मर्म. त्याला ते स्टब म्हणत. इकडचा दुभाष्या पुडी बांधतो, तिकडचा सोडतो, आणि मूळ प्रोग्रामला पत्ताही लागत नाही की मधे मैदान आहे. पुढे सन मायक्रोसिस्टिम्सने आपली आरपीसी काढली. नोकरीच्या सुरुवातीला मी युनिक्सवर तीच वापरली. गूगलने स्वतःच्या आतल्या कामासाठी अशीच व्यवस्था केली होती. तिची नवी आवृत्ती २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली, ती जीआरपीसी. मी निवडली ती हीच.

बसवताना

दोन्ही यंत्रांवर आधी नोड जेएस हवं. जावास्क्रिप्ट ही मुळात ब्राउझरमधली भाषा. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं आणि तीच भाषा सर्व्हरवर सहज चालू लागली. नोडबरोबर एनपीएम नावाचा भांडारी येतो. हवं ते पॅकेज त्याच्याकडे मागायचं.

इथे माझी पहिली फजिती झाली. एका जुन्या धड्यात पाहून मी नुसतं 'जीआरपीसी' नावाचं पॅकेज मागवलं. ते जुनं, आता निवृत्त केलेलं. त्याचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आहे, त्यामुळे आपल्या नोडच्या आवृत्तीसाठी तयार तुकडा मिळाला नाही तर ते आपल्याच यंत्रावर जुळवायला घेतं. मग कंपायलर हवा, पायथन हवं. पडद्यावर लाल अक्षरांचा पाऊस पडला आणि माझी एक संध्याकाळ वाहून गेली.

आज वापरायचं पॅकेज निव्वळ जावास्क्रिप्टचं आहे. रिकाम्या फोल्डरमध्ये आधी 'एनपीएम इनिट' करायचं, मग हा हुकूम द्यायचा. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत:

एनपीएम इन्स्टॉल @जीआरपीसी/जीआरपीसी-जेएस @जीआरपीसी/प्रोटो-लोडर

पहिलं पॅकेज सांगावा नेणारं, दुसरं कराराची फाइल वाचणारं. मागवायची दोन, पण नवरदेवामागे वरात यावी तशी त्यांच्यामागे आणखी पॅकेजेस येतात आणि 'नोड-मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये मुक्काम ठोकतात. घाबरू नका. कोणाची कोणती आवृत्ती आली याची यादी 'पॅकेज-लॉक' फाइलमध्ये लिहिली जाते. ती फाइल जपा. दुसऱ्या यंत्रावर फोल्डर नेताना वरात न्यायची नाही, यादी न्यायची आणि तिथे 'एनपीएम सीआय' म्हणायचं. तीच माणसं, त्याच कपड्यांत हजर होतात.

करार

जीआरपीसीत आधी करार लिहावा लागतो. शेवट 'प्रोटो' असलेली एक छोटी फाइल. तिच्यात मी लिहिलं: 'वर्गणी' नावाची एक सेवा, तिच्यात 'नोंदव' नावाचं एक काम. काम सांगताना नाव, रक्कम आणि टेबल द्यायचं. उत्तरात पावती क्रमांक मिळेल. प्रत्येक रकान्याला एक अंक असतो: नाव १, रक्कम २, टेबल ३. तारेवरून रकान्याचं नाव जात नाही, हा अंक जातो. म्हणून एकदा दिलेला अंक नंतर दुसऱ्या रकान्याला द्यायचा नाही. नाहीतर जुना लॅपटॉप रक्कम पाठवेल आणि नवा सर्व्हर तिला भलतंच काही समजेल.

कार्यालयातल्या यंत्रावर चार पायऱ्या. करार वाचायचा, सर्व्हर उभा करायचा, 'नोंदव'साठी आपलं फंक्शन जोडायचं, आणि एका दारावर, म्हणजे पोर्टवर, कान देऊन बसायचं. उदाहरणांत बहुधा ५००५१ हे पोर्ट दिसतं, मीही तेच घेतलं. इथे नवख्यांची हमखास चूक होते. पत्ता म्हणून १२७.०.०.१ दिलात तर सर्व्हर फक्त स्वतःच्या घरातल्या हाका ऐकतो, मैदानापलीकडून कितीही ओरडा. बाहेरच्या हाका ऐकायच्या तर ०.०.०.० द्यायचं आणि यंत्राच्या फायरवॉलला ते पोर्ट उघडायला सांगायचं.

मंडपातल्या लॅपटॉपवर तोच करार वाचायचा, कार्यालयाचा पत्ता देऊन क्लायंट बनवायचा आणि हाक मारायची: क्लायंट, नोंदव. सोबत माहिती द्यायची आणि उत्तर आल्यावर काय करायचं ते फंक्शन. आमचा मामला एकाच आवारातल्या वायफायवर होता म्हणून मी बिनकुलपाची जोडणी चालवून घेतली. बाहेरच्या इंटरनेटवरून जायचं असेल तर टीएलएसचं कुलूप लावल्याशिवाय एक रुपयाचीही नोंद पाठवू नका.

पहिल्यांदा मंडपातून 'नोंदव' म्हटलं आणि 'पावती क्रमांक १' असं उत्तर आलं तेव्हा मी एकटाच खुर्चीत हसलो. पलीकडचं काम खरंच घरातल्यासारखं वाटत होतं.

दोन खड्डे वाटेत लागले, तेही सांगून ठेवतो. करारात मी पावतीच्या रकान्याचं नाव 'पावती', अंडरस्कोर, 'क्रमांक' असं लिहिलं होतं, आणि जावास्क्रिप्टमध्ये तो सापडेचना. प्रोटो-लोडर अंडरस्कोर काढून पुढचं अक्षर मोठं करतो. नाव जसंच्या तसं हवं असेल तर 'कीप-केस' हा पर्याय चालू करावा लागतो. दुसरा खड्डा रकमेचा. मी रक्कम ६४ बिटांची ठेवली होती. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच अचूक राहतो, म्हणून एवढे मोठे पूर्णांक अक्षरांच्या रूपात घेण्याचा पर्याय असतो. मी उदाहरणातून तो तसाच उचलला. परिणामी ११०१ आणि ५०१ यांची बेरीज १६०२ न होता ११०१५०१ झाली, दोन शब्द शेजारी चिकटवावेत तशी. वर्गणी अकरा लाखांवर गेलेली पाहून नाना म्हणाला, "एवढ्यात तर हॉल बांधू!" ही चूक मोठी होती म्हणून लगेच दिसली. छोटी चूक मात्र दडून बसली.

तीन सेकंदांची घाई

जीआरपीसीला मुदत दिली नाही तर क्लायंट उत्तराची वाट पाहतच राहतो. टेबलासमोर रांग, आणि पडद्यावर नुसतं फिरणारं चक्र. म्हणून प्रत्येक हाकेबरोबर डेडलाइन द्यावी असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मी तीन सेकंदांची दिली. मुदत टळली की ४ क्रमांकाचा दोष परत येतो, 'डेडलाइन एक्सीडेड'. मग मी माझं शहाणपण चालवलं. हा दोष आला तर पुन्हा हाक मारायची, जास्तीत जास्त तीनदा. टेबलावरच्या मुलीला काही कळायलाही नको.

तिला काही कळलं नाही, हेच नडलं.

आदल्या संध्याकाळी आरतीला मंडप भरला होता. पत्र्यांच्या आड आधीच क्षीण असलेलं वायफाय, त्यावर शंभरभर मोबाइल. लॅपटॉपने सांगावा धाडला. तो कार्यालयात पोचला, नोंद झाली, क्रमांक पडला. उत्तर मात्र परतीच्या वाटेवर अडकलं. तीन सेकंद झाले. लॅपटॉपला वाटलं, काम झालं नाही. त्याने पुन्हा सांगावा धाडला. कार्यालयाच्या दृष्टीने ती नवीन वर्गणी. पुन्हा नोंद.

हे मला त्या रात्री कळलं ते त्या मुलीमुळे. ती कार्बनच्या पुस्तकावर हाताने पावती लिहून द्यायची, संगणकाने सांगितलेला क्रमांक घालून. नाना घरी गेल्यावर तिने स्थळप्रतींचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "काका, मी प्रत्येक पावती लिहिली आहे. तुम्ही एकदा बघा ना."

मी दोन्ही टेबलांच्या स्थळप्रती वहीशी ताडून पाहायला बसलो. ३१२ आणि ३१३ क्रमांकाची पावती कुठल्याच पुस्तकात नव्हती. वहीत होती. दोन्ही एका आजींच्या नावावर, ५०१ रुपये. आणि ३१४ ची पावतीही त्याच आजींची, तेवढ्याच रकमेची, ती मात्र पुस्तकात होती. तिन्ही नोंदींत तीन-तीन सेकंदांचं अंतर. आजींनी एकदाच पैसे दिले होते, माझ्या प्रोग्रामने ते तीनदा लिहिले होते. मग बाकीची सापडायला वेळ लागला नाही. आणखी तीन देणगीदार, प्रत्येकाची एकेक नोंद जादा: ११०१, ११०१, २५१. आजींच्या दोन धरून पाच नोंदी. बेरीज ३,४५५.

पेटी बरोबर होती, वही चुकली होती.

ही चूक नवी नाही

मला वाईट याचं वाटलं की हे सगळं चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. बिरेल आणि नेल्सन यांच्या निबंधात स्पष्ट म्हटलंय की उत्तर आलं तर पलीकडचं काम नेमकं एकदा झालं. उत्तर न येता दोष आला, तर काम एकदा झालं असेल किंवा मुळीच झालं नसेल. कोणतं, हे इकडे कळत नाही. १९९४ मध्ये सन कंपनीतल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर बजावलं होतं की दूरचं काम आणि घरातलं काम एकसारखं भासवू नका, कारण दूरच्या कामात अर्धं बिघडून अर्धं चालू राहू शकतं. जीआरपीसीच्या चौथ्या दोषाच्या वर्णनातही आहे की काम यशस्वी झालं असलं तरी हा दोष येऊ शकतो. मी 'मुदत संपली' याचा अर्थ 'काम झालं नाही' असा लावला. तो तिथे लिहिलेला नव्हता.

आणि याची किंमत केवढी असू शकते तेही जगाने पाहिलंय. ब्रिटनमध्ये टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांना होरायझन नावाची संगणकप्रणाली दिलेली होती. तिच्यात तूट दिसली की माणसावर संशय घेतला जाई. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरंदारं गेली. त्या प्रणालीतल्या दोषांपैकी एक २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या व्यवहारात दिसला. पडदा थिजला म्हणून कर्मचाऱ्याने एंटर पुन्हा पुन्हा दाबलं आणि ८,००० पौंडांची एकच रक्कम चारदा नोंदली गेली. तूट दिसली २४,००० पौंडांची. प्रणालीत दोष होते हे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं, आणि शिक्षा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. आमची तूट साडेतीन हजारांची होती, पण आमच्याकडेही पहिला प्रश्न यंत्राला विचारला गेला नाही, मुलीला विचारला गेला.

उपाय जुन्या पुस्तकात होता

काही कामं अशी असतात की ती दोनदा सांगितली तरी बिघडत नाही. "देवघरातला दिवा लाव" असं दोनदा सांगा, दिवा लागलेलाच राहील. "चहात साखर घाल" दोनदा सांगा, चहा फुकट. वर्गणीची नोंद ही साखरेसारखी होती. तिला दिव्यासारखं करायला हवं होतं.

ते कसं करायचं हे नानाच्या छापील पावती पुस्तकात होतंच. त्यात क्रमांक आधीच छापलेला असतो. पावती कुणाच्या हातून कितीदा वहीत चढवायला गेली तरी ३१२ ही ३१२ च राहते. दुसऱ्यांदा आली तर कारकून म्हणतो, ही झाली आहे. माझ्या प्रोग्राममध्ये क्रमांक सर्व्हर देत होता, त्यामुळे प्रत्येक हाक त्याला नवीच वाटत होती.

मी करारात चौथा रकाना घातला, खूणक्रमांक. हाक मारण्याआधीच लॅपटॉप तो तयार करतो: टेबलाचं अक्षर, तारीख आणि चढता आकडा. आधी तो स्वतःच्या डिस्कवर लिहितो, मग सांगावा धाडतो. पुन्हा धाडायची वेळ आली तर खूण तीच. मधेच लॅपटॉप बंद पडून चालू झाला तरी तीच. वहीच्या डेटाबेसमध्ये हा रकाना 'एकमेव' ठरवला, म्हणजे एकच खूण दोनदा चढूच शकत नाही. ती आधीच असेल तर सर्व्हर रागावत नाही, पहिल्या वेळी दिलेला पावती क्रमांकच पुन्हा देतो. कामाचे ते सात-आठ ओळींचे बदल. नंतर मी मुद्दाम वायफायची पिन उपटून, उत्तराला दहा सेकंद उशीर करायला लावून वीस वेळा तपासलं. वीस नोंदी, वीस पावत्या.

मुलांनो, आरपीसी जरूर वापरा, चांगली सोय आहे. फक्त पहिली हाक मारण्याआधी कागदावर एका प्रश्नाचं उत्तर लिहा: हेच काम पलीकडे दोनदा झालं तर काय होईल? आणि तपासणी चांगल्या वायफायवर करू नका, आरतीच्या वेळच्या वायफायवर करा.

त्या रात्री दीड वाजता मी नानाला फोन लावला. तो जागाच होता. सकाळी विसर्जनाच्या आधी, सगळे कार्यकर्ते जमलेले असताना, नानाने वही आणि स्थळप्रतींचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून पाचही नोंदी वाचून दाखवल्या. मग मी सांगितलं की चूक माझ्या प्रोग्रामची होती. नाना तिला म्हणाला, "बाळ, काल मी तुला विचारायला नको होतं." ती म्हणाली, "विचारलंत ते बरोबरच होतं काका, पण आधी याला विचारायचं," आणि तिने संगणकाकडे बोट दाखवलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा टेबलावर बसली. कार्बनचं पुस्तक आम्ही बंद केलेलं नाही.